मुलासाठी पहिला मोबाईल: दुकानात जाण्याआधीपासून पहिल्या संध्याकाळपर्यंत

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडसमोर, माझं मोबाईल विक्री आणि दुरुस्तीचं दुकान आहे. जून लागला, शाळा उघडल्या की काउंटरपुढे एक ठरलेलं चित्र दिसतं. आई किंवा वडील, सोबत सहावी-सातवीतलं पोर. कुठला फोन घ्यायचा ते पोराने मित्राकडे बघून आधीच ठरवलेलं असतं. मोठी माणसं फक्त "कितीला बसेल?" एवढं विचारतात. पैसे मोजले जातात, काउंटरवरचा मुलगा दहा मिनिटांत सिम घालून, गूगलचं खातं काढून फोन चालू करून देतो. गाडी लागेपर्यंत पोर त्यात गुंतलेलं असतं.

सगळं बिघडतं ते त्या दहा मिनिटांत. खातं काढताना जन्मतारीख विचारली जाते. मूल 13 वर्षांच्या आतलं असेल तर गूगल पालकाचं खातं मागतं, त्यात वेळ जातो, म्हणून दुकानातला मुलगा 1990 किंवा 1995 असं काहीतरी साल ठोकून देतो. पासवर्ड कुणी लिहून घेत नाही. मीही काही वर्षं असंच करत होतो. मग एका सकाळी दूध संकलन केंद्रावर काम करणाऱ्या एक ताई मुलाचा फोन घेऊन आल्या. मुलगा सातवीत. त्याच्या मोबाईलवर नको ते व्हिडिओ यायला लागले होते, ते बंद करून द्या म्हणाल्या. मी खातं उघडलं तर जन्मसाल 1992. ते मीच टाकलं होतं. गूगलच्या लेखी तो मुलगा बाप्या माणूस होता, मग त्याला मोठ्यांचं दाखवलं यात नवल काय? त्या ताईंच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही. त्या दिवसापासून मुलाचा फोन मी काउंटरवर चालू करून देत नाही. डबा बांधून देतो आणि सांगतो, घरी जा, जेवणं होऊ द्या, मग दोघं मिळून चालू करा.

हा लेख म्हणजे मी काउंटरवर उभ्याउभ्या जे सांगतो तेच, जरा सविस्तर.

पायरी 1: कशासाठी पाहिजे, ते नेमकं बोला

"अभ्यासाला" हे उत्तर पुरत नाही. त्याच्या पोटात काय आहे ते बघा. क्लास सुटल्यावर "न्यायला या" म्हणून सांगायचंय का? शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा गृहपाठ बघायचाय का? दीक्षा ॲपमधून पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून धडा बघायचाय का? अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाला, शिष्यवृत्तीच्या अर्जाला ओटीपी लागतो म्हणून नंबर पाहिजे का?

ओटीपीसाठी मुलाच्या हातात फोन लागत नाही. उलट अशा अर्जांवर नेहमी पालकाचाच, कधी न बदलणारा नंबर द्यावा. गृहपाठाला संध्याकाळी अर्धा तास तुमचाच फोन पुरतो. धडे बघायला घरात राहणारा, सिम नसलेला जुना फोन किंवा टॅब चालतो. खाली उरतो तो एकट्याने येण्या-जाण्याचा प्रश्न, आणि त्याला कीपॅडचा फोन पुरेसा आहे. असं एकेक करून मोजलं की माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच घरांना स्मार्टफोन आणखी दोन वर्षं लागत नाही. गिऱ्हाईक परत पाठवल्याचं मला वाईट वाटत नाही, दोन वर्षांनी ते माझ्याकडेच येतं.

शाळेचा नियमही आधी विचारा. बऱ्याच शाळांत मोबाईल आणायलाच बंदी असते, आणि मग महागडा फोन दिवसभर घरीच पडून राहतो. आणि अगदी लहान मुलांबद्दल कुणी विचारलं तर जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलेलं मी सांगतो: एक वर्षाच्या आत पडदा अजिबात नको, 2 ते 4 वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर चांगलंच. त्या वयात मुलाचा स्वतःचा फोन हा विषयच येत नाही.

पायरी 2: कपाटातला जुना फोन आधी बाहेर काढा

सगळ्यात स्वस्त फोन तुमच्याच घरात असतो. तुम्ही दोन-तीन वर्षं वापरून बाजूला ठेवलेल्या फोनची बहुधा बॅटरी गेलेली असते किंवा चार्जिंगचा जॅक ढिला झालेला असतो. ही कामं दुरुस्तीवाल्याकडे हजार-दीड हजारात होतात. डिस्प्ले फुटलेला असेल तर मात्र आधी हिशोब करा. आमच्याकडे त्याला 'फोल्डर' म्हणतात, काच आणि टच एकत्र येतो, आणि साध्या फोनलाही त्याचे दोन-अडीच हजार सहज लागतात.

फोन दुरुस्त करण्याजोगा आहे की नाही हे बघायला सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडा. तिथे अँड्रॉइडच्या सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती तीन-चार वर्षांपूर्वीची असेल तर कंपनीने त्या फोनकडे बघणं सोडलंय असं समजा. त्यावर खर्च करू नका.

जुना फोन मुलाला देण्याआधी एक काम कुठल्याही परिस्थितीत करायचं. फोटो, नंबर दुसरीकडे घ्या, गूगल खात्यातून बाहेर पडा आणि फोन फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे आतलं सगळं पुसून नव्यासारखा करा. नाहीतर तुमचं यूपीआय, तुमचे मेल, प्ले स्टोअरमध्ये साठवलेलं तुमचं कार्ड, सगळं मुलाच्या हातात जातं. गेममध्ये 'डायमंड' घेण्यात बापाच्या खात्यातले पैसे गेल्याच्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यातल्या निम्म्याहून जास्त अशा 'दिलेल्या' फोनच्या असतात. पोराला ते चोरी वाटतच नाही. बटण समोर असतं, ते दाबतं.

पायरी 3: नुसतं बोलायचं असेल तर कीपॅड

4जी चालणारा कीपॅडचा फोन घ्या. सगळ्या कंपन्यांचं 2जी नेटवर्क नाही, जिओचं तर कधी नव्हतंच, म्हणून दुकानदार स्वस्तातला 2जी फोन पुढे करत असेल तर तुमचं सिम त्यात चालतं का ते तिथेच घालून बघा. काही 4जी कीपॅड फोन एकाच कंपनीच्या सिमला बांधलेले असतात, तेही विचारून घ्या.

रीचार्जमध्ये इथे मोठी बचत होते आणि ती बऱ्याच जणांना माहीत नाही. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना सांगितलं की इंटरनेट नको असलेल्या गिऱ्हाइकाला फक्त कॉल आणि एसएमएसचा प्लॅन द्यावा लागेल, आणि अशा प्लॅनची मुदत 365 दिवसांपर्यंत ठेवता येईल. तेव्हापासून असे प्लॅन मिळतात. दुकानात आपणहून कुणी सांगत नाही, तुम्ही "फक्त कॉलचा द्या" असं म्हणा.

हीच युक्ती स्मार्टफोनलाही लागू पडते. माझ्या स्वतःच्या मुलीला मी अशीच सवय लावली. तिच्या सिमवर फक्त कॉलचा प्लॅन. इंटरनेट लागलं तर आईच्या किंवा माझ्या फोनचा हॉटस्पॉट. म्हणजे घरात कुणी मोठं माणूस असेल तेव्हाच नेट चालू. वर्षाच्या रीचार्जमध्ये पैसे वाचले ते वेगळेच.

पायरी 4: नवा स्मार्टफोन घ्यायचा ठरला तर

बजेट आधी ठरवा आणि त्यातून कव्हर, टेम्पर्ड काच यांचे तीन-चारशे बाजूला काढा. मुलाच्या हातातला फोन पडतोच, पहिल्याच महिन्यात पडतो.

मेमरीच्या बाबतीत पालक नेहमी फसतात. डब्यावर मोठ्या अक्षरात '8 जीबी रॅम' लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात '4+4'. त्यातली खरी रॅम 4, उरलेली 4 ही स्टोरेजमधून उसनी घेतलेली. "खरी रॅम किती?" असाच प्रश्न विचारा. मुलासाठी 4 जीबी खरी रॅम आणि 64 जीबी स्टोरेज ही खालची पातळी धरा. 128 जीबी बजेटमध्ये बसत असेल तर घ्या, कारण शाळेच्या ग्रुपवरचे फोटो आणि पीडीएफच जागा खातात. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलकडे बघूच नका. त्यापेक्षा "अँड्रॉइडची अपडेट किती वर्षं येणार?" हा प्रश्न कामाचा. रेडिएशनचं कुणी विचारलं तर फोनवर *#07# दाबायला सांगतो. बहुतेक फोनवर 'सार'चा, म्हणजे शरीर फोनच्या लहरी किती शोषतं त्याचा, आकडा दिसतो, भारतात त्याची मर्यादा किलोमागे 1.6 वॅट आहे.

आता बिलाचं. काही ठिकाणी "पक्कं बिल पाहिजे तर 18 टक्के जीएसटी वर लागेल" असं सांगतात. मोबाईलवर 18 टक्के जीएसटी आहे हे खरं, पण डब्यावरच्या एमआरपीत सगळे कर आलेले असतात. त्या किमतीच्या वर कर मागता येत नाही. पक्क्या बिलावर दुकानाचा जीएसटी नंबर आणि फोनचा आयएमईआय असतो. आयएमईआय म्हणजे फोनचा 15 अंकी ओळख क्रमांक, दोन सिमच्या फोनला दोन असतात. डायलवर *#06# दाबा, नंबर पडद्यावर येतो. पडद्यावरचा, डब्यावरचा आणि बिलावरचा, तिन्ही जुळले पाहिजेत. हे काउंटर सोडायच्या आधी, एकेक अंक बोट ठेवून वाचा. मी गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचायला लावतो आणि स्वतः बिलावर टिकल्या मारतो. दोन मिनिटं लागतात.

डब्याचं सील तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. हजार-पाचशे कमी करून दिलेला फोन कधीकधी आधीच चालू केलेला असतो, आणि कंपनीच्या दप्तरी त्याची वॉरंटी तेव्हाच सुरू झालेली असते.

हप्त्यांबद्दल एकच गोष्ट. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे बिनव्याजी असं नाही. व्याजाइतकी सूट आधी दाखवतात आणि व्याज हप्त्यात येतं. त्या व्याजावर जीएसटी लागतो, बऱ्याचदा प्रोसेसिंग फीही असते. रोख घेतला तर कितीला आणि हप्त्याने एकूण किती, हे दोन आकडे कागदावर लिहून मागा.

पायरी 5: सेकंडहँड घेताना घाई नको

गरिबाघरच्या पोराला सेकंडहँड फोन घेण्यात काही कमीपणा नाही. चांगला वापरलेला दोन वर्षांचा फोन हा नव्या स्वस्त फोनपेक्षा कितीतरी बरा. पण इथे फसवणूकही सगळ्यात जास्त.

गेल्या पावसाळ्यात एक ऊसतोड मुकादम आठवडी बाजारातून साडेचार हजाराला फोन घेऊन माझ्याकडे काच बसवायला आले. मुलगी दहावीत जाणार होती, तिच्यासाठी. फोन दिसायला कोरा. "बिल-बॉक्स आहे का?" विचारलं तर नाही म्हणाले. मी आयएमईआय घेतला, माझ्या फोनवरून 14422 या नंबरला इंग्रजीत 'केवायएम' ही तीन अक्षरं, मध्ये एक जागा आणि पुढे तो 15 अंकी नंबर असा एसएमएस पाठवला. उत्तर आलं, फोन ब्लॅकलिस्टेड. म्हणजे कुणीतरी चोरीला गेल्याची तक्रार करून तो बंद केलेला. त्यांनी बराच वेळ तो फोन हातात धरून ठेवला. विकणाऱ्याचा पत्ता नाही, नाव नाही. त्यांना मी पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितलं आणि सोबतही गेलो, कारण तसा फोन घरात ठेवणं म्हणजे उद्याची डोकेदुखी.

हा एसएमएस पैसे देण्याआधी पाठवायचा. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं काही आलं तर फोन खाली ठेवा आणि निघा. दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' ॲपवरही हीच तपासणी होते. चोरीचे फोन बंद करण्याची ही व्यवस्था देशभर मे 2023 पासून आहे. महाराष्ट्रात ती त्याआधीच, सप्टेंबर 2019 मध्ये सुरू झाली होती.

मग फोन हातात घ्या आणि हे बघा. स्वतःचं सिम घालून कॉल लावा, आवाज दोन्ही बाजूंनी नीट येतो का ऐका. पडद्यावरचं एखादं ॲपचं चिन्ह दाबून धरा आणि बोट न उचलता काठाकाठाने सगळीकडे फिरवा. मध्येच सुटलं तर तिथला टच मेलेला आहे. पांढरा फोटो उघडून उजेड पूर्ण करा, डाग असतील तर दिसतात. चार्जर लावून वायर हलक्याने हलवा, चार्जिंग तुटता कामा नये. कॅमेरे दोन्ही, स्पीकर, वायफाय.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: विकणाऱ्याला त्याचं गूगल खातं तुमच्यासमोर काढायला लावा आणि मग फोन रीसेट करायला सांगा. रीसेट झाल्यावर जुनं खातं मागितलं तर फोन अजून त्याच्याच नावाला कुलूप लावून बसलाय. आयफोनला हेच कुलूप आयक्लाउडचं असतं. "लॉक तोडून मिळेल बाहेर" असं सांगणाऱ्याकडून घेऊ नका. हप्ते थकलेला फोनही असाच दुरून बंद होऊ शकतो, म्हणून आधीचं बिल आणि हप्ते संपल्याचा कागद मागा. विकणाऱ्याकडून साध्या कागदावर नाव, नंबर, आयएमईआय, रक्कम आणि सही घ्या. प्रामाणिक माणूस त्याला नाही म्हणत नाही.

पायरी 6: सिम तुमच्या नावावर

18 वर्षांखालच्या मुलाच्या नावावर सिम मिळत नाही. तुमच्या नावावर घ्यायचं. महाराष्ट्रात एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त 9 जोडण्या चालतात. संचार साथीवर तुमच्या नावावर किती आहेत ते दिसतं. एकदा बघाच, कधीतरी मेळ्यात आधार दाखवून घेतलेलं आणि विसरलेलं सिमही त्यात निघतं.

बँकेला जोडलेला नंबर मुलाच्या फोनमध्ये कधीही घालू नका, दुसऱ्या खाचेतसुद्धा नाही. ओटीपी त्याच फोनवर येतो, मग बाकी सगळं सोपं होतं. नव्या सिमवर दुसऱ्याच कुणाच्या नावाने फोन यायला लागले तर घाबरू नका. कुणीतरी सोडलेला नंबर काही काळाने पुन्हा विकला जातो. मुलाला सांगून ठेवा की "राँग नंबर" एवढंच म्हणायचं, नाव-गाव सांगायचं नाही. जाहिरातींचे कॉल आणि मेसेज बंद करायला त्याच सिमवरून 1909 ला इंग्रजीत 'स्टार्ट', जागा सोडून 0 असा एसएमएस करा.

पायरी 7: पहिली संध्याकाळ

जेवणं झाली, भांडी झाली. आता बसा. तुमचा फोन, मुलाचा फोन, दोन्ही चार्ज केलेले, शेजारी एक वही. तास-दीड तास लागेल असं धरून चाला.

नवा फोन चालू केल्यावर खातं मागेल तेव्हा मुलाची खरी जन्मतारीख टाका. मूल 13 च्या आतलं असेल तर पालकाचं गूगल खातं लागेलच, तिथे तुमचं द्या. तुमच्या फोनवर 'फॅमिली लिंक' हे गूगलचं फुकट ॲप उतरवा आणि दोन्ही खाती जोडा. मूल 13 च्या वर गेलेलं असलं तरी त्याच्या संमतीने जोडता येतं. खात्याचा पासवर्ड वहीत लिहा. फोनचा पिन दोघांनाही माहीत असू द्या.

आता तुमच्या फोनवरून पाच गोष्टी ठरवा. नवं ॲप उतरवायला तुमची परवानगी लागेल. प्ले स्टोअरवर कुठलीही खरेदी तुम्हाला विचारल्याशिवाय होणार नाही. दिवसाला किती वेळ. रात्री किती वाजता फोन आपोआप बंद होईल, आमच्याकडे साडेनऊ. आणि फोन कुठे आहे ते दिसावं म्हणून लोकेशन चालू. हे करताना मुलाला शेजारी बसवा आणि प्रत्येक बटण त्याला दाखवून दाबा. चोरून नजर ठेवणारी ॲप घालू नका. मुलांना ती सापडतात, आणि मग ती मित्राच्या फोनवरून सगळं करायला लागतात, तिथे तुमचा काहीच इलाज चालत नाही.

व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम या दोन्हींचं किमान वय 13 आहे. त्याआधी नको. व्हॉट्सॲप द्यायचं झालं तर सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत जाऊन प्रोफाइल फोटो आणि ग्रुपमध्ये कोण घालू शकतं, हे दोन्ही 'माय कॉन्टॅक्ट्स'वर करा. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि त्यात ईमेल तुमचा द्या. इन्स्टाग्रामवर खरं वय टाकलं तर खातं आपोआप किशोरांसाठीचं होतं, अनोळखी माणसाला थेट मेसेज करता येत नाही. खोटं वय टाकलं की हे संरक्षण गेलं. म्हणून म्हणतो, सगळी गंमत त्या जन्मतारखेत आहे.

गावाकडे हल्ली लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते. ती दाबली की फोनमध्ये दुसऱ्याचं ॲप शिरतं. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. मुलाला ही फाइल कशी दिसते ते सांगा, आणि प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप उतरवायची परवानगी बंदच ठेवा. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम तर 2025 च्या कायद्याने देशभर बंद आहेत. तरीही कुणी लिंक पाठवली तर ती फसवणूकच समजा.

फोन रात्री कुठे झोपणार तेही आजच ठरवा. आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कोपऱ्यात एक प्लग आहे, सगळ्यांचे फोन तिथे. उशीखाली चार्जिंग लावायचं नाही, फोन तापतो. चार्जर वेगळा घ्यावा लागला तर त्यावर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) नोंदणीचा 'आर'ने सुरू होणारा नंबर बघा. 'बीआयएस केअर' ॲपवर तो खरा की खोटा ते कळतं. आणि नियम पोराला एक, बापाला एक असा नको. आमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी मोबाईल आणि टीव्ही बंद. पोरांबरोबर मोठ्यांचेही. म्हणून ते चाललं.

त्याच संध्याकाळचं शेवटचं बोलणं

हे सेटिंग्जमध्ये नसतं. मुलाला सांगा: कुणी घाणेरडं काही पाठवलं, फोटो मागितला, धमकी दिली, तर मला सांग. मी तुझा फोन काढून घेणार नाही.

हे वाक्य मी मुद्दाम सांगतोय. माझ्याकडे दहावीतली एक मुलगी मैत्रिणीला घेऊन आली होती. कुणीतरी तिचा फोटो कापून-जोडून घाण केला होता आणि पैसे मागत होता. "नंबर बंद करून द्या काका, घरी कळलं तर फोन जाईल," एवढंच ती सारखं म्हणत होती. फोटोपेक्षा तिला फोन जायची भीती मोठी होती, आणि त्या भीतीपोटी तिने तीन आठवडे एकटीने काढले होते. तिच्या आईला मी दुकानातूनच फोन लावला, तिला विचारून. आई आली, रागावली नाही, तिला जवळ घेऊन बसली.

असं झालं तर काहीही डिलीट करू नका. स्क्रीनशॉट घ्या, पैसे देऊ नका. पैशांची फसवणूक असेल तर लगेच 1930, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा भाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार करता येते. मुलाला मदत पाहिजे असेल तर 1098, तातडीला 112. हे नंबर फोनमध्ये आणि दप्तरातल्या वहीच्या पहिल्या पानावर, दोन्हीकडे लिहा. फोनच हरवला तर वहीच उपयोगी पडते.

आणि पुढे

बिल आणि डबा कपाटात ठेवा, बिलाचा फोटो तुमच्या फोनमध्ये. थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात पांढरं पडतं. फोन हरवला तर आधी पोलिसात तक्रार, मग त्याच नंबरचं नवं सिम, मग संचार साथीवर आयएमईआय टाकून फोन बंद. तिथे बिल आणि तक्रारीची प्रत लागते. दुकानदार वॉरंटीला नाही म्हणत असेल तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

महिन्यातून एकदा, पगाराच्या किंवा बाजाराच्या दिवशी, मुलाबरोबर दहा मिनिटं फोन घेऊन बसा. कुठल्या ॲपवर किती वेळ गेला, अनोळखी नंबर किती आहेत, जागा किती उरली. वेळेची मर्यादा वाढवायची असेल तर तेव्हाच वाढवा, मागच्या महिन्याचं बघून. आमच्याकडे हे रविवारी सकाळी पोह्यांच्या वेळी होतं, आणि मुलगी आधी माझा फोन उघडून माझा स्क्रीन टाइम बघते.